२०० रुपयांची वाईन भिशी

बेदाण्याचा सौदा ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला वाईन चाखायला वेगळं शिकवावं लागत नाही, असं माझं मत आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. खोकी फोडून नमुना मांडला की मुरलेला व्यापारी आधी एक शब्द बोलत नाही. मूठभर बेदाणा उचलतो, उजेडाकडं तळहात करून रंग बघतो. मूठ आवळून सोडतो. दाणे सुटे झाले तर ठीक, गोळा राहिला तर माल ओला. मग हात नाकाशी नेतो. गंधकाची धुरी जादा झाली असेल तर तिथंच कळतं. शेवटी दोन दाणे दाढेखाली. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, आणि मग भाव बोलतो.

वाईनचं चाखणं म्हणजे हेच. रंग, वास, घोट, आणि घोट गेल्यावर तोंडात मागं काय उरतं ते. बाकीचा जो थाट असतो तो हॉटेलवाल्यांनी बिलासाठी वाढवलेला.

माझा पगार असा आहे की महिन्याला ९०० रुपयांची बाटली आणली तर घरात विचारणा होते, आणि ती रास्त असते. त्यामुळं गेली सहा वर्षं मी हा नाद कमीत कमी पैशात कसा बसवला, ते सांगतो. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं म्हणून हे लिहीत नाही. जे अधूनमधून घेतात, पण वाईन म्हटलं की ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणून बाजूला होतात, त्यांच्यासाठी आहे.

पहिले आठ दिवस बाटली आणूच नका. घरातले तीन पेले घ्या. एकात पाणी आणि अर्धं लिंबू, साखर-मीठ काही नाही. दुसऱ्यात कोरा चहा, दहा मिनिटं उकळून गार केलेला. तिसऱ्यात साखरेचं पाणी. लिंबूपाण्याचा घोट तोंडात फिरवा. जिभेच्या दोन्ही कडांनी लाळ सुटते, हा आंबटपणा. कोऱ्या चहानं उलट होतं. हिरड्या आणि गाल आतून सुकतात, जीभ खरखरीत होते, तोंडात सुपारी धरल्यासारखं वाटतं. याला वाईनच्या भाषेत टॅनिन म्हणतात, आपल्या भाषेत तुरटपणा. लाल वाईन पहिल्यांदा पिणारा माणूस ‘कडू आहे’ म्हणतो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा त्याला तुरट म्हणायचं असतं. आता लिंबूपाण्यात चमचा चमचा साखर घालत जा आणि दर वेळी चाखा. लिंबू तेवढंच आहे, पण आंबट कमी लागायला लागतं. वाईन बनवणारे याच तराजूशी खेळत असतात. हे एकदा जिभेला कळलं की बाटलीवर काय लिहिलंय याची अर्धी गरज संपते.

नाकाचा सराव आणखी स्वस्त. आमच्या हिनं एका रविवारी आठ वाट्या मांडल्या: पिकलेल्या पेरूची फोड, लिंबाची साल, ढोबळी मिरची, कुटलेली काळी मिरी, लवंग, मध, जांभळं आणि भिजवलेली माती. माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मला तीन ओळखता आल्या. लवंगेला मी ‘दाताचा दवाखाना’ म्हणालो. तिनं स्वतः आठच्या आठ ओळखल्या, वर म्हणाली, “अहो, मिरी जुनी आहे, वास उडालाय.” जी बाई दरवर्षी उन्हाळ्यात घरचं कांदा-लसणाचं तिखट करते, तिचं नाक कुठल्याही वाईन तज्ज्ञाच्या पंगतीला बसू शकतं. आपल्या घरातलं हे भांडवल आपण कधी मोजत नाही.

या वाट्या उगाच निवडलेल्या नाहीत. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या लाल वाईनमध्ये मिरीचा वास येतो तो कल्पनेनं नव्हे. मिरीत जो वासाचा घटक असतो तोच त्या द्राक्षाच्या सालीत असतो. कॅबर्ने सोव्हिनियों या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो, त्याचंही तसंच. लवंग येते ती वाईन ज्यात मुरवतात त्या ओक झाडाच्या लाकडी पिंपातून. आणि पेरू आपल्याकडच्या पांढऱ्या वाईनमध्ये इतका स्पष्ट येतो की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं.

द्राक्षाबद्दल थोडं, कारण सांगलीत वाईनची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. आपल्याला वाटतं, तासगाव, कवठे महांकाळ, पलूस, मिरज एवढ्या बागा, मग वाईनही आपलीच असणार. पण आपली थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही खायची आणि वाळवायची द्राक्षं. पातळ साल, बी नाही, गर कुरकुरीत. वाईनला लागतं ते नेमकं याच्या उलट. माझ्या चुलतभावानं पलूसच्या बाजूला शिराझची बाग लावली होती. २००१ च्या सरकारी धोरणात नाशिककडच्या विंचूरबरोबर पलूसलाही वाईन पार्क ठरलं होतं, त्या हवेत बऱ्याच जणांनी लावल्या. मणी वाटाण्याएवढा, काळाभोर, साल जाड, आत दोन-तीन बिया. पोरांनी तोंडात टाकून थुंकली. मी मात्र एक मणी सावकाश चावला होता. आधी साखर, आपल्या द्राक्षापेक्षाही जास्त; मग बी फुटली आणि तोंड आवळून आलं. आतला गर तर पांढराच होता. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा दोन्ही साली-बियांतून येतात, रस सालीसकट आंबवतात म्हणून. पांढऱ्या वाईनला रस आधीच पिळून वेगळा काढतात. हे मला त्या एका मण्यानं शिकवलं. पुढं मंदी आली, माल घेणाऱ्यानं माल घेतला नाही, २००९ नंतर अनेकांनी बागा काढल्या त्यात त्याचीही गेली. तो आता परत थॉमसनवर आहे आणि वाईनचं नाव काढलं की विषय बदलतो.

आता खरेदी. आपल्याकडं पाटी ‘वाईन शॉप’ची असते आणि आत वाईन सोडून सगळं असतं, हा विनोद जुना झाला तरी खराच आहे. त्यामुळं दुकान निवडताना एकच बघा: पांढरी वाईन फ्रीजमध्ये आहे का, आणि उरलेल्या बाटल्या उन्हात तर नाहीत ना. काचेच्या दारातून दुपारचं ऊन पडणाऱ्या फळीवर उभी राहिलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. बाटलीवर द्राक्ष तोडणीचं साल छापलेलं असतं. पांढरी आणि गुलाबी असेल तर मागच्या किंवा त्याच्या मागच्या सालाची घ्या, चार वर्षं धूळ खाल्लेली नको. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर कमीपणा मानू नका. बूच काढायचा स्क्रू विकत घ्यावा लागत नाही, आणि बूच बिघडून वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येण्याची भानगडही नाही. परवाना नसेल तर दुकानातच ५ रुपयांत एक दिवसाचा मिळतो, तो घ्या.

काय घ्यायचं? सुरुवातीला चेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन. मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण नाशिक आणि अकलूजकडं चांगली रुळली आहे. आमच्या इथं साधी बाटली ७०० ते ९०० च्या दरम्यान पडते. किंचित गोडसर, आंबटपणा व्यवस्थित, तुरटपणा नाही. लाल पाहिजे तर शिराझ. महाराष्ट्रातलीच घ्या, याचं कारण देशप्रेम नाही, हिशोब आहे. बाहेरच्या वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क बसत आलं, म्हणजे तुमच्या हजारातले बरेचसे पैसे वाईनमध्ये नसतातच. उलट इथल्या द्राक्षाच्या वाईनला त्याच २००१ च्या धोरणानं उत्पादन शुल्कात सूट दिली. ७५० मिलीची पूर्ण बाटली झेपत नसेल तर ३७५ ची मागा. मिलीला भाव थोडा जास्त पडतो, पण अर्धी बाटली फुकट जाण्यापेक्षा बरा.

आणि ‘पोर्ट’ नावानं जी तीनशे-चारशेला मिळते तिच्याबद्दल: ती गोड असते, लग्नातल्या मामांना आवडते, मलाही थंडीत चालते. पण पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी तिचं नातं आडनाव-भावाचं आहे. वाईन शिकायची असेल तर तिच्यापासून सुरुवात करू नका. साखर इतकी असते की मागचं काही ऐकू येत नाही.

माझी सगळ्यात महागडी चूक इथं कबूल करतो. पहिल्या वर्षी कुठंतरी ऐकलं की वाईन जुनी होईल तशी चांगली होत जाते. फेब्रुवारीत ११०० रुपयांची लाल बाटली आणली आणि माळ्यावर ठेवली, दिवाळीला काढू म्हणून. वर पत्रा. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, ४० अंश सावलीत. दिवाळीला काढली तर बूच सूतभर वर आलेलं, आणि बाटलीच्या मानेवरून लाल ओघळ सुकलेला. पेल्यात ओतली तर कडेला विटकरी रंग, वास शिळ्या मुरंब्याचा. भाऊजी म्हणाले, “छान मुरलीय.” मी मोरीत ओतली. बाजारातल्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात. ठेवायचीच असेल तर घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच सुकत नाही. आमच्याकडं तो कोपरा देवघराच्या खाली आहे. त्यावरून झालेला वाद इथं लिहीत नाही.

गारव्याचंही तसंच. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. आपल्या खोलीत ती कोमट काढ्यासारखी लागते आणि नुसतं अल्कोहोल नाकात जातं. म्हणून लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी दोन तास. घाई असेल तर बादलीत बर्फ, बुडेल एवढं पाणी आणि दोन मुठी खडे मीठ; वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचून उपयोग नाही. पाणी असलं की गारवा चहूकडून लागतो, मिठानं तो आणखी वाढतो. कुल्फीवाल्याला हे केव्हापासून माहीत आहे.

पेले मी हरभट रोडवरून घेतले, सहा एका भावात. बघायचं एवढंच की काच पातळ, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असावं, म्हणजे वास आत कोंडतो. स्टीलचा पेला नको. रंगही दिसत नाही आणि वासही थांबत नाही. साबण लावू नका, गरम पाण्यानं धुवा. आमच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांना वाईनमध्ये ‘लिंबाची ताजी साल’ आली होती. ती भांडी घासायच्या वडीची होती.

आता मूळ मुद्दा, भिशी. आम्ही आठ जण आहोत: मी, ही, शाळेतले एक सर आणि वहिनी, मेडिकलवाले दोघं भाऊ, हळदीच्या पेढीवरचे अण्णा आणि आमचे भाऊजी. महिन्याला माणशी २०० रुपये. १६०० जमतात, त्यात दोन बाटल्या येतात आणि मागं थोडं उरलं तर भडंग. ज्याच्या घरी पाळी त्यानं भाकरी करायची, बाकी ज्यानं त्यानं डब्यातून काहीतरी आणायचं. एक बाटली एकट्यानं पिऊन जे कळत नाही ते दोन बाटल्या शेजारी ठेवून एका संध्याकाळी कळतं, कारण जिभेला तुलना लागते. नुसता एक बेदाणा दाखवून कुणी भाव सांगत नाही.

म्हणून दोन बाटल्या विचार करून निवडा. पहिल्या महिन्यात एकाच द्राक्षाच्या, दोन कंपन्यांच्या. दुसऱ्यात एकाच कंपनीच्या दोन पांढऱ्या, चेनिन आणि सोव्हिनियों ब्लाँ. एकदा तर पैसे कमी जमले तेव्हा एकच बाटली आणली, निम्मी गार केली, निम्मी बाहेर ठेवली आणि न सांगता दोन नंबरांनी वाढली. आठांपैकी सहांनी त्या दोन वेगळ्या वाईन आहेत असं लिहून दिलं. त्या संध्याकाळी जेवढं शिकलो तेवढं एरवी शिकलो नाही.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं आणि वर १, २ लिहायचं. प्रत्येकाला आधी ५० मिली, औषधाच्या मापानं मोजून. मेडिकलवाले असल्याचा हा फायदा. मग पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. न हलवता वास घ्यायचा, मग पेला टेबलावर ठेवून गोल फिरवायचा आणि परत घ्यायचा. झाकण उघडल्या उघडल्या कधी जळक्या काडीसारखा वास येतो. मला तो लगेच ओळखू आला, आमच्या धंद्यातलाच गंधक तो. वाईन टिकावी म्हणून थोडा वापरतात; पेला फिरवला की सहसा उडतो. उडाला नाही तर तेही लिहायचं. मग घोट. चूळ भरताना पाणी जसं गालागालांत फिरवतो तसं फिरवायचं. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण पाहुण्यांना दुसरं कशानं पटकन समजत नाही. फिरवून झाल्यावर गिळा किंवा तपेलीत टाका. गाडी चालवणाऱ्यानं टाकूनसुद्धा चालवायची नाही, थोडी पोटात जातेच. आमच्याकडं परत नेण्याची जबाबदारी न पिणाऱ्या मुलांवर असते आणि ती मुलं त्याचे पेट्रोलचे पैसे घेतात.

लिहून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा नियम अण्णांमुळं आला. अण्णांचा आवाज मोठा. त्यांनी ‘आंबा’ म्हटलं की सगळ्यांना आंबा यायला लागायचा. चिठ्ठ्या सुरू झाल्यावर कळलं की आंबा फक्त अण्णांना येतो, आणि तो प्रत्येक वाईनमध्ये येतो. झाकलेल्या बाटल्यांत एकदा पाचशेची आणि बाराशेची समोरासमोर ठेवली होती. पाच मतं पाचशेवालीला पडली. बाराशेवाली आणणारे सर पुढचा अर्धा तास बाराशेवालीत काय काय आहे ते समजावत होते.

खाण्याबद्दल पुस्तकी जोड्या बाजूला ठेवा. तिखटाशी तुरट लाल वाईन भांडते. तिखट जास्त झोंबतं आणि वाईन कडवट लागते. आपल्याकडं तर सगळंच तिखट. म्हणून लसणाच्या भडंगाबरोबर गार, गोडसर चेनिन. पांढऱ्या रश्श्याबरोबर कुठलीही पांढरी. शिराझ मटणाबरोबर चांगली, पण मटण सुकं आणि तिखट हात राखून घातलेलं असेल तर. चाखताना मात्र मधे काहीही खमंग खाऊ नका, नुसता ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि पाणी. याच्यासाठी लोक महागडे बिस्किटांचे पुडे आणतात. भाकरीसारखं जीभ कोरी करणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

उरलेली वाईन टाकू नका. सोड्याची काचेची लहान बाटली धुऊन, सुकवून ठेवा, तिच्यात काठोकाठ भरा आणि झाकण लावून फ्रीजमध्ये. वाईन बिघडवते ती हवा. वर जागाच नसली तर तीन दिवस सहज निघतात. त्यापुढं गेली तर मटणाच्या मसाल्यात एक वाटी.

वर्षातून एकदा बाग बघायची असेल तर नाशिकपर्यंत जायची गरज नाही. अकलूजला फ्राटेली ही वाईन कंपनी आहे, आधी फोन करून विचारून जा. इटालियनमध्ये फ्राटेली म्हणजे भाऊ. इटलीतले, दिल्लीतले आणि अकलूजचे अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती काढली, म्हणून हे नाव. तोडणी पाहायची तर फेब्रुवारीत. आठ जण एका गाडीत बसत नाहीत, तेव्हा दोन गाड्यांचं डिझेल भिशीतून आधीच बाजूला काढावं लागतं. आम्ही त्यासाठी दोन महिने एकाच बाटलीवर भागवलं.

चिठ्ठ्या मी अडतीच्या जुन्या वहीत चिकटवून ठेवतो. मागच्या महिन्यातली शिराझची चिठ्ठी हिच्या अक्षरात आहे: “मिरी, जांभूळ, आणि वांगं भाजताना देठ जळतो तो वास. आंबा नाही.” त्यावरून पुढची पाळी आमच्याकडं आणि जेवायला भरीत असं ठरलंय. कृष्णाकाठची वांगी आली की तारीख कळवतो म्हणून सगळ्यांना सांगितलंय. अण्णा सोडून सगळ्यांनी आपापला पेला आणायचा आहे; अण्णांनी मागच्या वेळी दोन फोडले.